देवळातलं कोठार आणि उंदरांची वाट

आमचं गाव महाड तालुक्यात, सावित्रीला मिळणाऱ्या एका छोट्या नदीच्या काठी. वरच्या आळीच्या मागे डोंगर, खालच्या आळीच्या पुढे शेतं आणि नदी. ग्रामदेवतेचं देऊळ मधल्या उंचवट्यावर. तिथे पुराचं पाणी चढलेलं कोणी पाहिलेलं नाही. या देवळात आम्ही अडीअडचणीसाठी धान्याचं कोठार केलं. पहिल्याच वर्षी ते उंदरांनी नासवलं. मग ते राखायचं कसं, हे आम्ही शिकलो. कोठाराची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून सगळं जवळून पाहिलं. दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

कोठाराचा विषय निघाला २०२१ च्या पुरानंतर. २२ जुलैला महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. आमच्या रस्त्यावर माती आली, वीज गेली, मोबाईल बंद पडले. खालच्या आळीतल्या घरांत कमरेएवढं पाणी. तांदळाचे डबे, पिठाचे डबे, सगळं भिजलं. ती माणसं देवळाच्या सभामंडपात येऊन राहिली. वरच्या आळीने घरातलं आणून चूल पेटवली. पण आमच्याकडे कोणाच्या घरी भरलेली कोठी असते? पावसात महिन्याचं रेशन असतं, तेवढंच. दुसऱ्या दिवशीपासून भाताची पेज करून वाढली. मदतीचे ट्रक नंतर आले आणि भरपूर आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण रस्ता मोकळा होईपर्यंत जे होतं ते आमचंच होतं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २००५ च्या जुलैत याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते इथे दरडी कोसळल्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा जुना पूल रात्री वाहून गेला. आमच्या पिढीने हे सगळं पाहिलं आहे. त्यामुळे भजनी मंडळाच्या बुवांनी गावकीच्या बैठकीत विषय काढला तेव्हा कोणी नाही म्हटलं नाही. बुवा म्हणाले, "सप्ताहाला आपण घरटी धान्य काढतोच. तसंच थोडं जास्त काढू आणि देवाच्या नावाने ठेवू. देवाच्या नावाचं आहे म्हटल्यावर कोणी त्याला हात लावणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. पंचायतीने वर्गणी मागितली असती तर दहा प्रश्न आले असते. देवळाने मागितलं तेव्हा कापणीनंतर लोक स्वतःहून पायली पायली भात घेऊन आले. ज्यांचं घर पुरात गेलं होतं त्या खालच्या आळीतल्या एका काकींनी पहिली पायली घातली. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने पैसे पाठवले. त्यातून वाल, गूळ, मीठ, तेल, काडेपेट्या घेतल्या.

किती साठवायचं याचा हिशोब सोपा ठेवला. माणशी दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ. शंभर माणसं दहा दिवस देवळात राहिली तर चारशे किलो. भात कांडल्यावर साधारण दोन तृतीयांश तांदूळ उरतो, म्हणजे सहाशे किलो भात. भात सालासकट असल्यामुळे तांदळापेक्षा जास्त टिकतं. पण वीज गेली की गिरणी बंद, म्हणून निम्मा साठा तांदूळ आणि निम्मा भात ठेवायचं ठरलं. एका घरातलं जुनं उखळ-मुसळही देवळात आणून ठेवलं. नाचणी थोडी जास्त घेतली, कारण तिला कीड सहसा लागत नाही आणि ती वर्षानुवर्षं टिकते.

हे सगळं पालखीच्या खोलीत ठेवलं. ही खोली सभामंडपाला लागून आहे. वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात शिमग्याची जुनी लाकडं. गोण्या भिंतीला टेकवून एकावर एक रचल्या, दार लावलं, कुलूप घातलं.

पावसाआधी बघून घ्यावं म्हणून दार उघडलं तर वासानेच कळलं. खालच्या गोण्या कुरतडून फाटलेल्या होत्या. भात जमिनीवर सांडलं होतं, त्यात लेंड्या आणि मूत. मागच्या बाजूला चिंध्या आणि सुतळी गोळा करून घरटं केलेलं, त्यात डोळे न उघडलेली पिल्लं. उंदीर खातो त्याहून कितीतरी जास्त नासवतो, हे ऐकलं होतं, आता दिसलं. धान्याचा तिसरा हिस्सा टाकावा लागला. त्या काकी दोन दिवस विचारत होत्या, "सगळं ठीक आहे ना गं?" मला त्यांना सांगवलं नाही. बुवांनी सांगितलं.

मग जो तो उपाय करायला लागला. कोठाराच्या समितीतल्या एकाने बाजारातून विषारी गोळ्या आणून छपरात टाकल्या. काही उंदीर मेले, पण ते आढ्यात जाऊन मेले. ऐन एकादशीच्या भजनाला सभामंडपात बसवेना. त्यानंतर देवळामागच्या वडाखाली गव्हाणी घुबड मरून पडलेलं सापडलं. ते विषानेच मेलं, हे कोणी तपासून सांगितलेलं नाही. पण विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो आणि तो खाणारं घुबड, मांजर, कुत्रंही मरू शकतं, हे खरं आहे. हे घुबड बरीच वर्षं वडाच्या ढोलीत होतं आणि रात्री उंदरांवरच जगत होतं. शिवाय ज्या खोलीत उद्या मुलांच्या पोटात जाणारं अन्न आहे, तिथे विष नको, असं मी बैठकीत स्पष्ट बोलले. बाकीच्या बायकाही माझ्या बाजूने बोलल्या.

दुसऱ्या कोणीतरी गोंदाचे चिकट पुठ्ठे आणले. त्यावर चिचुंद्री अडकली आणि रात्रभर ओरडत राहिली. चिचुंद्री धान्याला सहसा तोंड लावत नाही, ती मुख्यतः किडे आणि झुरळं खाते. सकाळी मुलांनी ते पाहिलं. बुवांनी ते पुठ्ठे त्याच दिवशी बंद केले. गोंदावर जीव तासन्‌तास तडफडतो, आणि कुठला जीव अडकावा हे आपल्या हातात राहत नाही. माझं मत विचाराल तर तो पुठ्ठा कुठेच वापरू नये.

पिंजरेही होते. घरोघरचे गंजके पिंजरे आणून खोलीच्या मधोमध ठेवले, आत पावाचा तुकडा लावला. एखादं लहान पिल्लू सापडायचं. मोठे उंदीर पिंजऱ्याकडे फिरकतही नव्हते.

यातच मोठा वाद झाला. गावात माळकरी बरेच. एक आजोबा म्हणाले, "देवळात जीव मारायचा नाही. उंदीर गणपतीचं वाहन आहे." दुसरे म्हणाले, "मग पुरात माणसं उपाशी ठेवायची का?" दोघांचंही मन दुखावलं होतं. बुवांनी मार्ग काढला. खोलीत आणि देवळात मारायचं नाही, फक्त पकडायचं. मारावं लागलं तर ते आवाराबाहेर, झटकन, हाल न करता. आणि त्याआधी उंदीर आत येऊच नये यासाठी जे करता येईल ते सगळं करायचं. आजोबांनी मान हलवली. ते खूश नव्हते, पण त्यांनी अडवलं नाही.

आता हे करणार कोण? मला गावाच्या टोकाच्या कातकरीवाडीतल्या आजोबांची आठवण झाली. ही माणसं शेताच्या बांधावरचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या पकडत आली आहेत. कापणी झाल्यावर बिळं खणून त्यात उंदरांनी साठवलेल्या लोंब्याही काढतात. मी लहान असताना या आजोबांना आमच्या बांधावर बघितलं होतं. बिळाची सगळी तोंडं शोधायची, एक सोडून बाकीची मातीने बुजवायची, धूर द्यायचा आणि उघड्या तोंडाशी थांबायचं. उंदीर कुठून बाहेर पडणार हे त्यांना आधीच माहीत असायचं.

दिवाळीनंतर वाडीतली बरीचशी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात. आजोबा नुकतेच आले होते. मी आणि बुवा त्यांच्याकडे गेलो. आमच्या गावात वाडीतली माणसं शिमग्याला पालखी ठेवतात त्या सहाणेपर्यंत येतात, देवळात सहसा येत नाहीत. कोणी अडवत नाही, पण कोणी बोलावतही नाही. आजोबा आले ते पायरीजवळ थांबले. बुवांनी त्यांच्या हाताला धरून आत नेलं. मला त्या वेळी जरा कसंतरी झालं, कारण इतक्या वर्षांत हे आम्हाला सुचलं नव्हतं.

मी पिंजरा पुढे केला. ते म्हणाले, "पिंजरा मग ठेव, बाय. आधी त्यांची वाट बघू."

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच लावलं नाही. नुसते फिरले. भिंतीच्या कडेने, वाशांवरून, चौकटीवर हात फिरवत. वाशावर एक काळपट तेलकट पट्टा होता. रोज त्याच वाटेने उंदराचं अंग घासतं, त्याचा तो डाग. मी तो पट्टा शंभर वेळा पाहिला असेल, मला धूर वाटायचा. मग लेंड्या पाहिल्या. ताज्या लेंड्या काळ्या आणि मऊ असतात, जुन्या भुरकट आणि कोरड्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर लहान उंदीर, मोठ्या असतील तर मोठा. बाहेर जोत्याशी ताज्या मातीचा ढीग आणि मोठं भोक होतं, ती घूस. घूस जमिनीतून येते, काळा उंदीर छपरातून येतो. त्यामुळे दोघांचा बंदोबस्त वेगळा.

संध्याकाळी त्यांनी भिंतीच्या कडेने चाळलेली राख पसरायला सांगितली. सकाळी राखेत पावलं आणि शेपटीच्या रेघा स्पष्ट दिसल्या. सगळ्या रेघा भिंतीला धरून. मधल्या जमिनीवर, जिथे आमचे पिंजरे होते, तिथे जवळपास काहीच नाही. उंदराला उघड्यावर भीती वाटते, तो मिशा भिंतीला लावून चालतो.

मग पिंजरे भिंतीला चिकटवून, वाटेच्या रोखाने तोंड करून ठेवले. वर गोणपाट टाकून आत अंधार केला. पण दार अडकवून उघडंच ठेवलं. चार-पाच रात्री आत खाणं ठेवायचं, उंदराने खाऊन जायचं, दार पडायचं नाही. मला ते अवघड गेलं. आपलं धान्य नासवणाऱ्याला आपणच जेवू घालायचं! पण मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. ती वस्तू जुनी झाली की भीती जाते. लहान उंदराचं उलटं, तो नवं दिसलं की लगेच हुंगायला येतो. म्हणून आमच्या पिंजऱ्यात फक्त पिल्लं सापडत होती.

आमिषाचंही तसंच. भाताने भरलेल्या खोलीत भात किंवा पाव लावून कोण येणार? आजोबांनी विचारलं, "इथे त्याला काय मिळत नाही?" खोलीत पाणी नव्हतं. उन्हाळा होता. त्यांनी काकडीचा तुकडा लावला आणि बाजूला भाजलेलं खोबरं बांधलं. बांधलं हे महत्त्वाचं. नुसतं ठेवलं तर उंदीर उचलून पळतो. सुकटीने लवकर आला असता, असं ते म्हणाले, पण देवळात सुकट नको म्हणून त्यांनी स्वतःच ते बाजूला ठेवलं.

मग एका रात्री सगळ्या पिंजऱ्यांची दारं एकदम चालू केली. एकेक नाही. एकजण अडकलेला बघून बाकीचे शहाणे होतात, असं त्यांचं म्हणणं. सकाळी जवळजवळ सगळे पिंजरे भरलेले होते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कमी झाले. आठवड्याभरात राखेवर पावलं उमटायची थांबली.

पकडलेल्यांचं काय केलं तेही सांगते. काहींनी सुचवलं की लांब शेतात सोडा. पण ते शेत कोणाचं तरी आहेच. पकडलेले उंदीर आवाराबाहेर नेऊन आजोबांनी एका फटक्यात मारले आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले. मी पहिल्या दिवशी बघितलं आणि जेवले नाही. नंतर बघायची सवय झाली, बरं मात्र कधीच वाटलं नाही. वाडीतले लोक शेतातला उंदीर खातात. घरचा उंदीर ते घेत नाहीत, त्याने कुठे काय विष खाल्लं असेल सांगता येत नाही. घुशीसाठी बाहेर जोत्याशी चापाचा सापळा लावला, तोही लाकडी खोक्यात, म्हणजे मांजर, पक्षी किंवा पोरांचा हात आत जाणार नाही.

त्यानंतर आजोबांनी जे सांगितलं ते सगळ्यात उपयोगी होतं. पकडणं हे अर्धंच काम आहे. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत मोठी होतात. वाट उघडी राहिली तर पावसात पुन्हा तेच. म्हणून राखेने दाखवलेली प्रत्येक वाट आम्ही बंद केली. लहान उंदीर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. आपली करंगळी जात नाही अशा जागेतून. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावलं, कारण नुसतं सिमेंट ओलं असतानाच तो उकरतो. दाराच्या खाली पत्र्याची पट्टी ठोकली. कौलांखाली बारीक जाळी. छपरावर टेकलेल्या फणसाच्या फांद्या तोडल्या. जमिनीला कोबा केला. शिमग्याची लाकडं बाहेर काढली.

लाकडं काढताना हातमोजे घाला, हे आवर्जून सांगते. त्यात विंचू होते. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड-बिरवाडी भागात विंचूदंशावर जे काम केलं त्यामुळे आमच्याकडे लोक आता विंचू चावला की भगताकडे न जाता दवाखान्यात जातात. पण दवाखान्यात पोचायला रस्ता लागतो, आणि कोठार तर रस्ता बंद पडेल तेव्हासाठीच आहे.

गोण्या भिंतीला टेकवणं बंद केलं. लोखंडी मांडणी केली, गुडघाभर उंच, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे चारी बाजूंनी फिरून बघता येतं. मांडणीच्या प्रत्येक पायाला पत्र्याची उलटी परात बसवली, तिच्यावरून उंदराला चढता येत नाही. तांदूळ आणि डाळ झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. प्लास्टिकचं पिंप तो कुरतडतो. भातासाठी बांबूची कणगी करू असं काहीजण म्हणत होते. मलाही कणगी आवडते, आमच्या माजघरात होती. पण बांबू उंदराला अडवत नाही.

आजोबांना रोजाने पैसे दिले. समितीच्या एका सभासदाला ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, वाडीवाल्यांना एरवी आपण धान्य देतोच. खजिनदारांनी ऐकलं नाही. हे कारागिराचं काम आहे, सुताराला देतो तसे द्यायचे, असं म्हणून त्यांनी वहीत रीतसर नोंद केली. त्या वर्षीच्या सप्ताहाच्या पंगतीत आजोबा आणि त्यांची नातवंडं आमच्याबरोबर बसली.

गावातल्या चार पोरांनी आणि दोन मुलींनी आजोबांकडून हे काम शिकून घेतलं. त्यातल्या पोरांचा उत्साह वाढला. रानडुकरं भातशेती उद्ध्वस्त करतात, तेव्हा त्यांच्यासाठीही फासकी लावू, संकटात मटणही मिळेल, असं एकाने बोलून दाखवलं. बुवांनी आणि मी साफ नाही म्हटलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, विनापरवाना शिकार गुन्हा आहे. त्याहून मोठं कारण म्हणजे तारेची फासकी डुकराची वाट बघत नाही. कोकणात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कमरेला तार आवळलेला बिबट्या जिवंत असेल तर तो माणसांनाही धोका. नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो. तो मार्ग लांबचा आहे, तरी तोच धरायचा.

त्याऐवजी आजोबांनी पोरांना मासे धरायचा बांबूचा सापळा विणायला शिकवला. त्याचं तोंड आत निमुळतं असतं, मासा आत जातो पण परत फिरू शकत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून शेतात चढतात तेव्हा तो लावतात. चढणारे मासे अंडी घालायला आलेले असतात, म्हणून सगळा ओढा अडवायचा नाही, एक बाजू मोकळी सोडायची, हेही त्यांनी सांगितलं. पूर असताना मात्र ओढ्याच्या जवळ जायचं नाही. हा उपाय आधीच्या आणि नंतरच्या दिवसांचा.

आजाराबद्दल थोडं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुराच्या पाण्यात ते मिसळतं आणि पायाच्या जखमेतून शरीरात जातं. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. म्हणून पिंजरा हाताळताना रबरी हातमोजे, नंतर साबणाने हात. खोलीतल्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ उडते. आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडायचं, मग पुसून घ्यायचं. पुरानंतर ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर वाट न बघता दवाखान्यात जायचं आणि पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना सांगायचं. गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्यायच्या.

आणि साप. जिथे उंदीर तिथे साप. पुरात उंदीर उंचवट्यावर येतात, मागोमाग नाग, घोणस, मण्यारही येतात. धामण दिसली तर मारू नका, ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. आमच्या जोत्यात एक आहे. आधी लोक काठी घेऊन धावायचे. आता मुलं सांगायला येतात, "काकी, धामण फिरतेय," आणि बघत उभी राहतात, लांबून.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात रस्त्याचा एक भाग खचला आणि गाडी येणं बंद झालं. खालच्या आळीत पाणी अंगणापर्यंत आलं. कातकरीवाडीच्या मागच्या डोंगराला भेग पडलेली दिसली. इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यापासून अशी भेग कोणी हलक्यात घेत नाही. तलाठ्यांचा फोन येण्याआधीच बुवांनी पोरांना वाडीत पाठवलं आणि सगळ्यांना देवळात आणलं. सभामंडपात खालची आळी, पडवीत आणि धर्मशाळेच्या खोलीत वाडी. मी किल्ली घेऊन खोली उघडली. उघडण्याआधी थोडा वेळ हात थांबला, पहिल्या वर्षीचा तो वास आठवला. आत भाताचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता. पिंपं जशीच्या तशी.

चार दिवस दोन वेळचं जेवण झालं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भात आणि वालाचं बिरडं, रात्री खिचडी. तिसऱ्या दिवशी तांदूळ कमी पडेल असं वाटलं म्हणून उखळ काढलं. वाडीतल्या बायका आणि आमच्या आळीतल्या सासवांनी मिळून भात सडलं. आमच्यासारख्या धाकट्या बायकांना ते नीट जमलं नाही, कण्याच जास्त झाल्या. त्या कण्यांची पेज केली. रात्री भजन झालं. कातकरी आजोबा रोज झोपण्याआधी खोलीच्या कडेने बॅटरी मारून फिरायचे. तेव्हा आवारात बाहेरून आलेले उंदीर खूप होते, राखेवर दिसायचे. आत एकही गेला नाही.

काही गोष्टी अजून नीट झालेल्या नाहीत. सगळ्यात अवघड आहे रोजची फेरी. पहिले काही महिने सगळे हौसेने येतात. मग लग्नसराई येते, मुंबईची सुट्टी येते, आणि राख पसरायची राहते. आता आम्ही ते काम दिवाबत्तीला जोडलं आहे. ज्या घराची त्या आठवड्यात दिवाबत्तीची पाळी, त्या घराने खोलीला फेरी मारायची, राख बघायची, पिंजऱ्यातलं आमिष बदलायचं आणि दाराशी टांगलेल्या वहीत सही करायची. दिवा लावायचा कोणी चुकवत नाही, त्यामुळे फेरीही फारशी चुकत नाही. आमच्या अनुभवात एवढ्या एका बदलाने जितका फरक पडला तितका कुठल्याच पिंजऱ्याने पडला नाही.

धान्य दरवर्षी बदलतो. दिवाळीनंतर नवं भात आलं की जुनं भात कांडून सप्ताहाच्या भंडाऱ्याला घालतो. त्यामुळे काही वाया जात नाही आणि नासलं असेल तर वेळेत कळतं. त्या काकी अजूनही पहिली पायली घालतात. आता त्यांना खोलीत नेऊन सगळं दाखवते.

ज्यांना आपल्या गावात हे करायचं आहे त्यांनी धान्य गोळा करण्याआधी खोलीत आठवडाभर नुसती राख पसरून बघावी. रिकाम्या खोलीत वाटा सापडतात आणि बुजवता येतात, गोण्या आल्या की कोपरे झाकले जातात. हे काम एप्रिल-मे महिन्यात करावं. तेव्हा सिमेंट वाळतं, पाण्याच्या आमिषाला उंदीर लवकर येतो, आणि भट्टीवर गेलेली माणसं परतू लागलेली असतात. शिकवणारं माणूस आपल्याच गावाच्या टोकाला असेल. त्यांच्याकडे जाताना रोजाचे पैसे आधी ठरवून जा.